सदतीस घरांची कोरी जागा

बिरवाडी, मंगळवार

प्रिय अपेक्षा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण तेरा वर्षांची सवय गो, एका दिवसात सुटत नाय. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर नुसती रडत बसले असते, म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. गुडघ्यांसाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात दोन रविवार बसून आली. तुझं लग्न ठरलं म्हटल्यावर तिला केवढा आनंद झाला! रुखवतात क्रॉस स्टिचची फ्रेम ठेवायची आहे, माप तूच काढून दे, असा तुझा मेसेज आला तेव्हा मीही हरखले. भरतकामाच्या क्लासातही टाके तू सुबक घालायचीस आणि टाक्यांची घरं मोजायची वेळ आली की कापड माझ्याकडे सरकवायचीस.

नक्षीचा फोटो पाठवलास. वर दोन मोर, खाली तुझं नाव आणि शेजारी नवऱ्याच्या नावासाठी कोरी जागा, सदतीस घरांची. नाव विचारलं तर म्हणालीस, कळेल गो, घाई काय आहे! मी मोजता मोजता त्या सदतीसवर थांबले. गेल्या दिवाळीत माझ्या रुखवतासाठी मी हृतिकचं नाव ग्राफपेपरवर काढलं होतं. तीनदा खोडून सदतीस घरांत बसवलं होतं. घरी कोणाला सापडू नये म्हणून तो कागद तुझ्याकडे ठेवायला दिला होता.

तरी मनाला समजावलं, असेल दुसरा कोणी. मग पोलादपूरच्या स्टँडवर हृतिकची बहीण वैशाली भेटली. तिला सरळच विचारलं, अपेक्षाचा नवरा हृतिकच का? ती बिचारी खाली बघून हो म्हणाली.

मे महिन्यात त्याने मला नाय म्हटलं, तेव्हा तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडले होते ना मी? तू माझे डोळे पुसलेस, त्याला शिव्या घातल्यास. तेव्हाच तुमचं जुळलं होतं का? तो गेला ते दुःख मी गिळलं. पण तू केसाने गळा कापलास गो माझा! आणि वर मापही माझ्याकडूनच काढून घेतलंस! लाज कशी नाय वाटली?

आता खरं ते लिहिते. परवा तुला फ्रेमची रुंदी अकरा इंच कळवली, ती चुकून नाय. रुंदीला एकशे चोपन्न घरं आहेत आणि तू महाडहून आणलेल्या मॅटीच्या कापडात इंचाला अकरा घरं. मी मुद्दाम अकराऐवजी चौदाने भागलं. मांडवात सगळ्यांसमोर तुझं काम फ्रेममध्ये मावू नये, त्याचं नाव काचेबाहेर राहावं, एवढंच मनात होतं. पण गुरुवारी कापड कापणार असा तुझा मेसेज आला आणि मी हे पत्र लिहायला घेतलं. मला तुझ्यासारखं व्हायचं नाय. खरी रुंदी चौदा इंच. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडून अठरा इंच काप. आई उद्या तुडीलला येतेय, तिच्याच हाती हे देतेय. तिला यातलं काही माहीत नाय, तिच्यासमोर उघडू नकोस. ती लग्नाला येईल, मी येणार नाय.

कालपर्यंत तुझीच,
रूपाली