रेवाची चानकी

पायल,
काल रेवानं माह्या पोळपाटावर इवलीशी चानकी लाटली, अन् तू "घाण हात लागले" म्हणून ती कचऱ्यात टाकली. अडीच वर्षांचं लेकरू रडत रडत झोपलं. आज तू पैसे भरून लावलेल्या त्या लहान पोराइच्या क्लासमध्ये तिनं तशीच चानकी लाटली, तर तू फोटो काढून साऱ्या नातेवाइकांले पाठवून राहिली. तिथली कणीक का गंगेत धुतलेली हाय वं?

मी बहिणीकडे नरखेडले चालली. वरण शिजवलं हाय. वटाण्याच्या शेंगा रेवाले सोलू दे, तिले जमते. दाणे सांडले तर खेकसू नको.

तू घरी असती तर तुह्या तोंडावर सांगितलं असतं, आता कागदावर आईक: तुले पोरगी शिकलेली पाहिजे, फक्त आजीच्या हाताखाली नको.