साडेसहा ते आठ

प्रिय ताई,

हे पत्र भाचीबरोबर पाठवतोय. भाऊजींच्या हाती पडलं तरी हरकत नाही, वाचू देत.

आमच्या पाहणीचं काम तुला माहीत आहे. घरोघर जायचं, काल दिवसभरात काय काय केलंत ते विचारायचं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अठ्ठेचाळीस चौकटी भरायच्या. पगाराशिवाय माणसं किती राबतात, दुसऱ्याच्या किती उपयोगी पडतात, ते बऱ्याच देशांत असंच मोजतात. मी आठवीत शाळा सोडलेला, पण नियमपुस्तक तोंडपाठ. पदवीवाल्यांचे फॉर्म परत येतात, माझा एकही आलेला नाही.

परवा एका शिवणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे अडलो. साडेसहा ते आठ काय केलंत? तर म्हणे, शेजारणीकडे जाऊन बसले. गप्पा मारल्यात? नाही. टीव्ही पाहिलात? नाही. अहो, नुसती बसते, म्हणाल्या. तिचा नवरा त्या वेळी कामावरून येतो. परकं माणूस दिसलं की हात उचलत नाही. आठला जेवून आडवा झाला की मी घरी. अकरा वर्षं झाली याला. गेल्या महिन्यात बाईंना ताप आला, एक दिवस चुकला. त्या दिवशी त्याने बायकोचं तोंड उंबऱ्यावर आपटलं. तीन दात गेले. दोन बाईंनी पायरीवरून वेचले, तिसरा सापडलाच नाही. भिंतीवर रक्त कुठवर उडालं होतं, ते त्यांनी हाताने दाखवलं. गुडघ्याच्या वर चार बोटं.

मी लिहिलं, दुसऱ्या घराला विनामोबदला मदत, तीन चौकटी. ऑफिसात साहेबांनी खोडून 'विश्रांती' केलं. म्हणाले, बसणं हे काम असेल तर मला बढती द्या, मी दिवसभर तेच करतो. सगळे हसले. मी फॉर्म ओढून घेतला, पुन्हा तेच लिहिलं आणि असा ओरडलो की शिपाई आत आला.

हा आवाज तुझ्या जिन्यात कुठे गेला होता, ताई? दोन वर्षांपूर्वी तुझ्या ओठाला टाके होते. कपाटाचं दार लागलं म्हणालीस. ते कपाट तुझ्या खांद्याएवढं आहे. मला बघताक्षणी कळलं, आणि मी चहा संपवून उठलो. भाऊजी जिन्यात भेटले, कसा आहेस म्हणाले. खालच्या वळणावर बुटाची नाडी बांधत होतो तेव्हा वर सुरू झालं. पट्ट्याचे आठ फटके. सहाव्यानंतर तुझा आवाज आला नाही. मी नाडी बांधली आणि उतरलो.

काल भाचीचा फोन आला. आई पडली, मनगट मोडलं. किती वाजता, एवढंच मी विचारलं. पावणेसातला, म्हणाली. आजपासून रोज साडेसहाला मी तुझ्या बाहेरच्या खोलीत येऊन बसणार आहे. चहा नको, बोलायलाही नको. भाऊजींनी माझ्यावर हात टाकला तर टाकू देत, तेवढे तुझ्यावरचे कमी. ज्या दिवशी तुला तिथून निघावंसं वाटेल, त्या दिवशी बॅग मी उचलेन. तू फक्त कडी काढून ठेव.

तुझाच,
धाकटा