पहिला मासा कुणाच्या पानात

मुलुंड,
३१ डिसेंबर १९५६

प्रिय अण्णा,

आधीची पाच पत्रं ‘तीर्थरूप’ घालून पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून या वेळी साधं ‘प्रिय’. तुम्हाला न सांगता मी ब्राह्मणाच्या घरात लग्न केलं, त्याला सात वर्षं झाली आणि तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पण मीही तुमचीच मुलगी, तेव्हा हट्टात कोण सरस ते एकदा ठरूनच जाऊ दे. पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा.

काल रविवारी आम्ही गोराईच्या खाडीवर गेलो होतो. मी, श्यामकांत आणि उत्तरा. तुमची नात आता सहाव्या वर्षात आहे आणि तिला एका जागी बसवायचं तर हातात गळच द्यावा लागतो. भरतीची वेळ मी तुमच्याच पद्धतीने काढली: वद्य त्रयोदशी, तेराला पाऊणने गुणलं, पावणेदहा. श्यामकांत गणिताचे शिक्षक. त्यांनी वर्तमानपत्रातल्या वेळेशी ताडून पाहिलं आणि मुकाट्याने डबा भरायला लागले.

तिवरांच्या कडेला आता ‘राखीव वन’ अशी पाटी लागली आहे. झाडांना हात लावायचा नाही, गळाला मनाई नाही, असं तुळशीदास म्हणाला. आपला होडीवाला पार पिकला, अण्णा. मला बघून त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. तुम्ही सोबत नाही म्हटल्यावर त्याने वल्हं उचललं, पण उत्तरा होडीच्या टोकाच्या फळीवर बसायला गेली तशी तिला उठवलं. “ती अण्णांची जागा हाय, ती मी कुनाला देत नाय.” मला रडू आलं. खाडीचा वारा डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं, कुणाला पटलं नाही.

आता हसण्यासारखी गोष्ट. आम्ही माशांकडे चाललोय एवढंच सासूबाईंच्या कानावर गेलं होतं. त्यांनी पहाटे उठून तूप लावून कणकेच्या शंभर गोळ्या वळल्या. देवळाच्या तळ्यावर जाऊन माशांना खाऊ घालायचं पुण्य पदरात पडणार, अशी त्यांची समजूत. त्यांना खरं सांगायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. श्यामकांतांनी होडीतून त्या सगळ्या गोळ्या इमानाने पाण्यात सोडल्या, तुळशीदास पोट धरून हसला. आणि थोड्या वेळाने होडीभोवती पाणी नुसतं खळबळायला लागलं!

पहिल्या माशाचा आपल्या घरचा रिवाज मी उत्तराला होडीतच सांगितला होता. मुलाच्या गळाला लागलेला पहिला मासा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या पानात, तोवर मुलाने स्वतः धरलेलं खायचं नाही. आई गेली त्या वर्षी तुम्ही मला खाडीवर न्यायला लागलात, मी सात वर्षांची होते. मी धरला तो शिंगाळा, बोटभर, नुसते काटे. आजोबांनी तो तासभर चोखून खाल्ला आणि असा मासा जन्मात खाल्ला नाही म्हणाले. तुम्ही चुलीपाशी तोंड फिरवून हसत होतात.

उत्तराला तांबोशी लागली, चांगली वीतभर. किंचाळली, नाचली, होडी उलटायचीच बाकी होती. मग एकदम थांबून तिने विचारलं, आपल्याकडे सर्वांत मोठं कोण? घरात म्हणाल तर सासूबाई, आणि त्यांच्या पानात मासा वाढणार कोण? तेव्हा ज्या माणसाने जन्मात माशाला बोट लावलं नव्हतं त्याने तांबोशी हातात धरली, काटा टोचून रक्त आलं तरी सोडली नाही, गळ काढला आणि ती परत पाण्यात सोडून दिली. उत्तराला म्हणाले, हा मोजायचा नाही, पहिला मासा आजोबा असताना धरायचा. अण्णा, मी लग्न केलं यात माझं काही चुकलं नाही. तुम्हाला आधी सांगितलं नाही, दुसऱ्यांच्या तोंडून तुम्हाला कळलं, ते मात्र चुकलं. फार चुकलं. पाच पत्रांत हे लिहायला जमलं नव्हतं.

आता पत्राचं कारण. येत्या रविवारी पौष शुद्ध पंचमी. पाचाला पाऊणने गुणा, पावणेचारची भरती. दोन वाजता आम्ही बोरिवलीच्या बंदरावर असू, टोकाची फळी रिकामी असेल, तुमची गळाची वेताची काठी तेवढी घेऊन या. डोकं आवडतं की शेपटी, असं उत्तराने विचारलं आहे. मी डोकं सांगून ठेवलंय. नाही आलात तरी ती मासा धरणारच, आणि तो घेऊन आम्ही तिघं संध्याकाळी तडक अंधेरीला तुमच्या दारात येऊ. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसून राहू. मासा वाट बघत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

तुमचीच,
पद्मजा