पॉलिशचा वास

चि. छकुलीस,

सुतारकामावरून दारू पिऊन घरी आलो की मी दारातच सांगायचो, "पॉलिशच्या स्पिरिटचा वास आहे गं." तू म्हणायचीस, "बाबा, तोंड उघडून हा करा." मग तू आत जायचीस.

आता दारू सोडून आठ महिने झाले. परवा तुझ्या बाळाच्या पाळण्याला पॉलिशचा शेवटचा हात मारला आणि त्याच कपड्यांत बाळाला पहिल्यांदा बघायला तुझ्याकडे आलो. तू वास घेतलास आणि बाळाला उचलून आत नेलंस. जावई म्हणाले, "निदान आज तरी, बाबा."

मी दारातूनच परत फिरलो. खरं सांगायला तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते मी अकरा वर्षं वापरलं होतं. रडू आलं नाही. घरी येऊन कुलूप काढलं आणि रिकाम्या खोलीत "हा" केलं.

पाळणा वाळलाय.

बाबा