मेघमल्लाला आता काही लागत नाही

अर्जुनी मोरगाव
मंगळवार, ३ डिसेंबर १९५७

“पडून उठते, तोच खरा पहेलवान, वयनी.” आमचे हे कुस्ती हरून घरी आले, तेव्हा माझी धाकटी नणंद काशी असं म्हणाली होती. परकरी पोर होती तेव्हा. आज संध्याकाळपासून तेच मनात घोळतंय.

मुलांच्या मासिकाचा नवा अंक आला. मेघमल्लाची चित्रकथा मी आजारी काशीच्या खाटेपाशी बसून वाचली. पहिल्या अंकांत त्याला भाल्याची जखम झाली होती. खांद्याला फाटक्या पागोट्याची पट्टी बांधून तो नदी ओलांडायचा. काशी त्या पट्टीवरून बोट फिरवायची. आता तो उडतो. गोळ्या छातीवर आपटून खाली पडतात. चित्रं पूर्वीपेक्षा देखणी, पण वाचताना जराही धाकधूक नाही.

काशीनं अर्ध्यातच तोंड फिरवलं. “याले काहीच होत नाही, त मी आयकू कायले?”

“पुढे होईल काहीतरी.”

“तुले खोटं बोलता येत नाही. लेखक कायची तू?”

माझ्या गोष्टी लिहिण्यावरून अशी चिडवून थोडी हसली, मग खोकत राहिली. तिचा ताप उतरत नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी औषध बदलणंही सोडलंय. वर्षभर ती पुढच्या अंकासाठी तेवढी उठून बसायची. आता कशासाठी बसेल? मेघमल्लाची ती पट्टी का काढली मासिकवाल्यांनी?

संपादकांना लिहायला घेतलंय. मुलांना अजिंक्य नायकच हवा, असंच उत्तर येईल. तरी विचारते, एका अंकात, फक्त एकाच, मेघमल्लाला ताप येऊ द्याल का?