रूसोची खिडकी

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१९ जानेवारी

ती. बाबांना विभावरीचा नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो बाबा" म्हणते, म्हणून.

इकडे सगळे बरे आहेत. थंडी आहे. हसू नका, वाळवंटातही पडते, वारा सुटला की स्वेटर लागतो. अर्णवची स्कूलबस उजाडता उजाडता येते, त्याला उठवताना माझ्या नाकी नऊ येतात. मराठी सगळं कळतं त्याला, उत्तरं मात्र इंग्रजीत. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? आई गेल्यापासून डब्यावर भागवताय, ते मला मुळीच आवडत नाही. मार्चमध्ये तुम्ही यायचं म्हणून गुरुप्रसादनं व्हिसाचं हातात घेतलंय. जावई तुमच्यावर बेहद्द खूश आहे. "वर्षभर अर्णव आजोबांच्या हाताखाली राहू दे, शाळेचं बघू नंतर," म्हणतो.

आता त्या काचेचं.

गेल्या शुक्रवारी अर्णवनं बॉल मारून त्याच्या खोलीची काच फोडली. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगायला तोच धावला, "आजोबा, इट वॉज ॲन ॲक्सिडेंट!" तुम्ही हसलात. म्हणालात, "उत्तम! आता काच बसवू नका. झोपू दे तिथेच. रूसो सांगून गेलाय, शिक्षा आपण करायची नाही, निसर्गाला करू द्यायची." गुरुप्रसादनं मान डोलावली. माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं.

बाबा, तुम्हाला खरंच काही आठवलं नाही?

मी लगेच जालिंदरला फोन लावला. बीडकडचा आहे, आमच्या बिल्डिंगची सुतारकी, काचकाम तोच करतो. शुक्रवार म्हणजे इकडे सुट्टीचा दिवस, उद्या येतो म्हणेल असं वाटलं होतं. "लेकरू झोपतंय न्हवं तिथं? मग उद्यावर कशाला ढकलायचं, ताई?" म्हणाला आणि आला. गुरुप्रसाद चिडला. "बाबांनी जन्मभर शिक्षणशास्त्र शिकवलं, तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?" त्याला एवढंच ठाऊक आहे की माझा धाकटा भाऊ लहानपणी न्यूमोनियानं गेला.

काच बसली, तरी मला ती फुटलेलीच दिसते. परवा दुपारी अर्णवच्या पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते, तर कानाशी वर्तमानपत्र फडफडायला लागलं. उठून पाहिलं, खिडकी बंद. ते वर्तमानपत्र नाशिकचं होतं, बाबा. आईनं फुटक्या तावदानावर चिकटवलेलं. तुम्ही फाडून काढलेलं.

कौशिक. घ्या, लिहिलं नाव. आपल्या घरात ते कुणी घेत नाही. आठ वर्षांचं पोर, त्यानं खेळताना फोडलेली काच, डिसेंबरची थंडी, आणि तुमचा प्रयोग. मी माझी दुलई त्याच्यावर टाकली, तर तुम्ही ती उचलून पुन्हा माझ्या अंगावर घातलीत, आणि किती मायेनं! "त्याचं त्याला कळू दे, विभा." कळलं की त्याला. स्वतः येऊन म्हणाला, "बाबा, मला कळलं, आता काच बसवा ना." तुम्ही म्हणालात, अजून दोन दिवस.

डॉक्टर म्हणाले होते, काचेचा संबंध असेलच असं नाही. नसेलही. पण पुढच्याच जूनमध्ये तुम्ही वर्गात पुन्हा रूसो शिकवलात. त्यानं पोटची पाचही मुलं अनाथालयात टाकली, हे सांगून विद्यार्थ्यांना हसवलंत. पेस्टालोझीही शिकवलात, त्यानं अनाथ पोरांसाठी काढलेली शाळा शिकवलीत. त्याच्या स्वतःच्या मुलाचं मात्र कधीच नाही. मी शिकवते त्या शाळेच्या ट्रेनिंगसाठी वाचताना मला आत्ता कळलं. त्या मुलाला रूसोचं नाव ठेवलं, रूसोच्याच पद्धतीनं वाढवलं. अकराव्या वर्षीही त्याला धड वाचता येत नव्हतं. पुढे फिट्स यायच्या, एकतिसाव्या वर्षी गेला. तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं होणंच शक्य नाही. तुमच्याच्यानं ते वर्गात बोलवलं नसेल. हे मनात आलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्यासाठी रडले. त्याआधी मी फक्त रागावत होते.

तुम्ही या. तिकडे एकटे राहू नका. पण अर्णवला शिकवायला येऊ नका, मी त्याला तुमच्या हाती देणार नाही. त्याला एक मामा होता, हेच त्याला माहीत नाही. ते तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडानं. कसा होता, काय बडबडायचा, आणि कसा गेला. हे होणार नसेल तर तिकीट काढू नका, गुरुप्रसादला काय सांगायचं ते मी बघेन.

फोन करू नका. लिहा. आणि त्याचं नाव घालून लिहा, बाबा, एकदाच का होईना.

कौशिकची ताई,
विभा