न विचारणारी ओळ

धुळे

प्रिय शेहजाद,

सलाम. आपल्या धाकट्या मंतशाच्या निकाहात अब्बांनी मागितलेली दुआ पाठव, त्यांच्या चाळिसाव्याला सगळ्यांना ऐकवू, असा तुझा तिसरा मेसेज काल आला. आधीच्या दोन्हींना मी कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून कळवलं. ते खोटं होतं. तू लावून दिलेला कॉम्प्युटर कशाला बिघडेल?

त्या ईदला तू पुण्याहून दीड दिवसासाठी आलास आणि अख्खी दुपार माझ्या स्टुडिओत त्या मशीनपुढे घालवलीस. अब्बा शिरखुर्मा घेऊन दोनदा जिना चढले. काळ्या पडद्यावर तू भराभर टाइप करत होतास आणि मला मेलीला कौतुक वाटत होतं. जाताना ‘आपासाठी’ नावाची फाइल ठेवलीस. कॅमेऱ्याचा व्हिडिओ मोबाइलवर चालवायचा तर ही ओळ, नुसता आवाज काढायचा तर ती. कॉपी कर, पेस्ट कर, डोकं लावू नकोस, म्हणालास. मी नाही लावलं. साक्री-भडगावची किती लग्नं त्या ओळींवर निघाली.

पहिल्या ओळीत मध्येच एक सुटा वाय होता. तो कशाला, हे विचारायला मी तुला तीनदा फोन केला. एकदा तू मीटिंगमध्ये होतास. एकदा म्हणालास, आपा, तुला नाही समजणार, चालतंय ना? तिसऱ्यांदा उचललाच नाहीस.

मंतशाच्या लग्नाला दोन कॅमेरे होते. दोन्ही कार्डांवर नंबर एकपासूनच पडले, म्हणजे फाइलींची नावं तीच. मी आधी निकाहाच्या कार्डावर तुझी ओळ चालवली, मग जेवणाच्या. ती ओळ सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकते आणि जागा वाचावी म्हणून मूळची फाइल पुसते. कार्डं मी पुढच्याच आठवड्यात जामनेरच्या लग्नाला वापरली, म्हणून पुसलेलं परत काढताही येईना, तेवढी चूक माझी. अब्बा गेल्यावर चौथ्या दिवशी मी फोल्डर उघडलं. दुआच्या जागी लोक बिर्याणी वाढताहेत. अब्बांना कॅमेरा आवडायचा नाही, त्यांचा आवाज तेवढाच होता.

शेजारच्या भाविकानं मला तो वाय समजावला. ती कॉलेजात हेच शिकते. त्याच नावाची फाइल आधीच असली तर कॉम्प्युटर थांबतो, पुसू का, असं विचारतो. वाय म्हणजे हो, विचारत बसू नकोस. तुला ती कटकट नको होती. अब्बा चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवत होते, पण कात्री लावण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळं बरोबर आहे का ते विचारायचे, बठ्ठं बराबर शे ना?

फोनवर तू परत मीटिंगमध्ये असशील, म्हणून हे पत्र. मंतशाला मी अजून काही सांगितलेलं नाही. चाळिसाव्याला ती अब्बांचा आवाज मागेल. या वेळी तू समोर येऊन तिला सांग. मी तुझ्या शेजारी बसेन, पण तोंड उघडणार नाही.

तुझीच,
सबीहाआपा